सहा डब्यांची डेक्कन क्वीन

मालगाडी घरात मावते, प्रवासी गाडी मावत नाही. छोट्या रेल्वेचा छंद असणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. याचं कारण डब्यांच्या लांबीत आहे. कोळसा वाहणारी आपली बॉक्सएन वाघीण जेमतेम पावणेअकरा मीटरची. प्रवासी डबा तिच्या दुपटीचा. वाघिणींची गाडी टेबलावर कशीही वळवा, ती खरी वाटते. डब्यांची गाडी मात्र पहिल्याच वळणावर सांगून टाकते की मी खेळणं आहे. तिनं तसं सांगू नये, यासाठी काय राखायचं आणि काय सोडायचं, हा आजच्या बोलण्याचा विषय.

आधी थोडा हिशेब. जगात सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. यात खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग घेतात आणि रुळांमधलं अंतर असतं साडेसोळा मिलिमीटर. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं. ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांच्या डोळ्यासमोर हे माप लगेच उभं राहील. या मापात आपला नेहमीचा निळा डबा, म्हणजे पेरांबूरच्या कारखान्याचा आयसीएफ डबा, साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटरचं अंतर होतं २ किलोमीटर २०० मीटर. म्हणजे घरातला मुंबई-पुणे रेल्वेमार्ग कोपऱ्यावरच्या वाण्याच्याही पुढे जाईल!

आता डेक्कन क्वीन घ्या. १ जून १९३० ला ती पहिल्यांदा धावली तेव्हा तिला सात डबे होते. निळ्या डब्यांच्या शेवटच्या काळात ते सतरा झाले, आणि जून २०२२ पासून ती नव्या, आणखी लांब एलएचबी डब्यांची झाली. सतरा निळे डबे एचओ मापात सव्वाचार मीटर भरतात. बारा फुटांची खोली असते साडेतीन मीटरच्या थोडी वर. इंजिन गॅलरीत आणि गार्ड स्वयंपाकघरात, असा तो प्रकार!

मग कुठंतरी काटछाट आली. युरोपातल्या कंपन्यांनी यावर एक युक्ती काढली होती. डब्याची रुंदी-उंची सत्त्याऐंशीव्या भागाची ठेवायची आणि लांबी मात्र शंभराव्या भागाची करायची. तिकडचा २६.४ मीटरचा डबा ३०.३ सेंटिमीटरचा व्हायला हवा, तो २६.४ सेंटिमीटरचाच करून मेर्क्लिननं वर्षानुवर्षं विकला. माझं स्पष्ट मत असं, की आपण हे करू नये. आपले डबे आपण खिडक्यांवरून ओळखतो. लांबी चोरली की खिडक्या अरुंद होतात नाहीतर कमी होतात, आणि रोज पासावर प्रवास केलेल्या माणसाला ते नेमकं काय चुकलंय हे न सांगताही खटकतं. डबा पूर्ण लांबीचा ठेवा, डबे कमी करा. डेक्कन क्वीनचे सहा पुरेत. त्यातला एक मात्र डायनिंग कारच हवा. टेबलखुर्चीवर बसून आम्लेट खायची सोय देणारा तो डबा काढला, तर उरते ती कुठलीही इंटरसिटी.

खरी परीक्षा वळणाची. डब्याखाली दोन टोकांना चार-चार चाकांचे गाडे असतात. रेल्वेवाले त्या गाड्याला बोगी म्हणतात, आपण मात्र आख्ख्या डब्यालाच बोगी म्हणून मोकळे होतो. वळणावर रूळ वाकतो, डबा वाकत नाही. म्हणून डब्याचं पोट आतल्या बाजूला लोंबतं आणि टोकं बाहेर जातात. किती, ते काढता येतं. दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर आपल्या छोट्या डब्यात १७ सेंटिमीटर येतं. खेळण्याच्या संचातलं ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर पोट आत येतं १० मिलिमीटर आणि टोक बाहेर जातं जवळपास ११. साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर ही सरक फार झाली. अशा वळणाला लागून फलाट बांधलात तर डबा त्याला घासणारच.

अनुभवी मंडळींचा ठोकताळा असा, की वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट हवी. आपल्या डब्यासाठी ती झाली साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर. तिथं पोटाची सरक पाचवर येते. मात्र नुसतं अर्धवर्तुळ वळवायला आता दीड मीटरपेक्षा रुंद जागा लागते. म्हणून टेबल खोलीच्या मधोमध न मांडता रूळ भिंतीच्या कडेकडेनं फळीवर न्यावेत. खोलीचे चारही कोपरे वळणाला मिळतात आणि तुम्ही आत उभे राहता. आणखी एक फायदा असा, की वळण आतून पाहिलं की टोकांमधल्या फटी झाकल्या जातात आणि गाडी अखंड दिसते.

डावं वळण संपताच लगेच उजवं सुरू करू नका. पुढच्या डब्याचं टोक एका बाजूला, मागच्याचं दुसऱ्या बाजूला जातं आणि कपलिंग एका डब्याला रुळावरून ओढून काढतं. दोन्हींच्या मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ रूळ हवा. सांध्यांनाही हाच नियम. वजनही जपा: या लांबीच्या डब्याला साधारण १६५ ग्रॅम हवेत, आणि ते तळाशी.

रुळाबद्दल एक गंमत सांगतो. साडेसोळा मिलिमीटर हे खरं तर १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचं रूप आहे, म्हणजे मुंबई आणि पुणे मेट्रोच्या रुळाचं. आपला ब्रॉडगेज १६७६चा. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. तेवढ्यासाठी रूळ, सांधे, चाकं सगळं हातानं करणारे हट्टी लोक असतात. बाकीच्यांनी बाजूनं पाहावं. बाजूनं काही कळत नाही.

पुणे म्हटलं की घाट आला. बोरघाटाचा चढ ३७ला १ असा आहे. घरात एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला साडेआठ सेंटिमीटर उंची लागते, आणि या चढानं ती गाठायला तीन मीटरपेक्षा जास्त लांबी जाते. सहा डब्यांचं वजन जवळजवळ एक किलो. छोट्या इंजिनाची चाकं इथं जागीच फिरू लागतात. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, तसं घरीही करता येतं. पण मागचं इंजिन पुढच्यापेक्षा किंचितही जास्त रेटू लागलं, की मधले डबे वळणावर उचलून बाहेर पडतात. आधी दोन्ही इंजिनं डब्यांशिवाय शेजारी पळवून त्यांचा वेग जुळवा. हल्लीच्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे हे सोपं झालं आहे.

वेगाचंही तसंच. ताशी १०० किलोमीटर म्हणजे एचओत सेकंदाला ३२ सेंटिमीटर. बहुतेकजण याच्या दुप्पट पळवतात. डायनिंग कारमधला चहा सांडणार नाही, अशा बेतानं गाडी सुटली पाहिजे आणि थांबली पाहिजे.

भारतीय डबे तयार मिळणं अवघड, म्हणून ते पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिक शीटचे घरीच करावे लागतात. खिडकीचे गज मापात केसाएवढे होतात. ते पारदर्शक कागदावर छापून आतून चिकटवावेत. आणि हे काम करायचं तर वेळ फार नाही. पेरांबूरच्या कारखान्यानं जानेवारी २०१८ मध्ये या जातीचे डबे बांधणं थांबवलं. जे आहेत ते एकेक करून भंगारात चालले आहेत. पायरीची उंची, दारावरची मूठ, शौचालयाच्या धुरकट काचेची खिडकी, हे फोटोवरून नीट कळत नाही. डबा समोर आहे तोवर टेप घेऊन मोजून ठेवावं, अर्थात परवानगी काढून.

शेवटचं, चालवण्याविषयी. गाडी गोल गोल फिरवली की दहा मिनिटांत घरचे उठून जातात. खरी डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून जाते आणि संध्याकाळी परत येते. मध्ये ती दिसत नाही. तसंच करा. स्टेशन एकच बांधा, सगळं बारकाईनं. गाडी तिथून सुटावी, घाट चढावी, बोगद्यात शिरावी आणि डोंगरामागच्या लपवलेल्या रुळांवर उभी राहावी. तेवढ्यात एखादी पॅसेंजर, एखादी मालगाडी जाऊ द्या. मग डेक्कन क्वीनची वेळ झाली की ती बाहेर काढा. आणि डोंगर बांधताना मागून हात जाईल एवढी जागा मोकळी ठेवा, कारण गाडी घसरते ती नेमकी बोगद्यातच.