उपान्त्य लढतींचे अंदाजपत्रक

लेखमाला : अंक आणि अदमास — लेखांक सहावा

गेल्या आठवड्याचा लेखांक प्रसिद्ध झाल्यानंतर सांगलीच्या एका सेवानिवृत्त शिरस्तेदारांचे पत्र आले. अक्षर कोरीव, भाषा मुद्देसूद आणि तक्रार रास्त. ते लिहितात की, सरासऱ्या, शेकडेवारी आणि वजावटी यांची एवढी खटपट करूनही अखेर जिंकणार कोण हे जर आपण छातीठोकपणे सांगत नसाल, तर हे सारे दप्तर बाळगायचे कशासाठी? या प्रश्नाला तात्त्विक उत्तर देणे सोपे आहे; परंतु ज्यांचे आयुष्य कागदपत्रांत गेले, त्यांच्यापुढे एखादे जुने प्रकरणच उलगडून ठेवावे हे बरे, असे वाटल्यावरून आज अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या २०१५ सालच्या उपान्त्य सामन्यांची फाईल काढली आहे.

या स्पर्धेचा शिरस्ता प्रथम सांगितला पाहिजे. १९३९ साली अवघ्या आठ संघांनिशी सुरू झालेली ही राष्ट्रीय स्पर्धा आज अडुसष्ट संघांची आहे, आणि तिचा कायदा मोठा निष्ठुर आहे : एक पराभव झाला की गाशा गुंडाळायचा. तीन आठवड्यांच्या या गाळणीतून जे चार संघ उरतात, त्यांच्या मेळाव्यास तिकडे 'फायनल फोर' म्हणतात. शनिवारी दोन उपान्त्य सामने आणि सोमवारी अंतिम, असा क्रम असतो. ४ एप्रिल २०१५ रोजी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ड्यूक आणि मिशिगन स्टेट यांची एक लढत होती, आणि दुसरी, जिच्याकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते ती, केंटकी आणि विस्कॉन्सिन यांची. केंटकीने त्या हंगामात अडतीस सामने खेळून अडतीसही जिंकले होते. विस्कॉन्सिनच्या खात्यावर पस्तीस विजय आणि तीन पराभव होते.

आता भाकीत करू पाहणारा मनुष्य सर्वांत आधी ज्या पुराव्यांना हात घालतो, ते बहुधा सर्वांत कमकुवत असतात. 'अडतीसपैकी अडतीस' हा आकडा भारदस्त खरा. पण त्यातला अडतिसावा विजय नोत्र दाम संघावर ६८-६६ असा, म्हणजे दोनच गुणांनी मिळाला होता, आणि जमेच्या रकान्यात त्याची नोंद वीस गुणांच्या विजयासारखीच एक अशी पडते. दुसरा पुरावा आदल्या वर्षीचा. हेच दोन संघ २०१४ च्या उपान्त्य सामन्यात भेटले होते, आणि सामना संपण्यास सहा सेकंदही उरले नसताना पडलेल्या तीन गुणांच्या एका फेकीने केंटकीने तो ७४-७३ असा जिंकला होता. एका गुणाच्या निकालावरून दोन संघांच्या बलाबलाविषयी काही अनुमान निघत असेल तर ते एवढेच की, ते जवळपास समबल होते. तेही आदल्या वर्षी.

तिसरा पुरावा शकुनाचा, आणि तोच सर्वांत मोहक. १९७६ साली इंडियाना विद्यापीठाने बत्तीसपैकी बत्तीस सामने जिंकून अजिंक्यपद मिळवले, त्यानंतर एकाही पुरुष संघाला अपराजित राहून ते मिळवता आलेले नाही. १९९१ साली नेव्हाडाचा लास व्हेगासचा संघ अपराजित असताना उपान्त्य फेरीत ड्यूककडून ७७-७९ असा हरला, आणि ज्या ड्यूकला त्याने आदल्याच वर्षी अंतिम सामन्यात १०३-७३ असे लोळवले होते, त्याच ड्यूककडून. तो उपान्त्य सामना इंडियानापोलिसला झाला होता. पुढे २०२१ मध्ये गोन्झागाचा अपराजित संघ अंतिम सामन्यात बेलरकडून हरला, तोही इंडियानापोलिसलाच. एखाद्या वास्तूला दोष असल्याची कथा रचण्यास एवढी सामग्री पुरेशी आहे. पण स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेची कचेरीच त्या शहरात आहे, तेथे हे मेळावे वरचेवर भरतात, आणि महामारीच्या वर्षी तर सबंध स्पर्धाच त्या राज्यात खेळवली गेली, हे ध्यानात घेतले की शकुनाचा फुगा आपोआप बसतो. ज्या गावी बाजार मोठा भरतो, त्या गावी खिसेही अधिक कापले जातात.

मग खरा पुरावा कोणता? त्यासाठी हिशेबाचे परिमाणच बदलावे लागते. चाळीस मिनिटांच्या सामन्यात एखादा संघ ऐंशी गुण करतो आणि दुसरा साठ, यावरून पहिल्याचे आक्रमण सरस ठरत नाही, कारण कोणी घाईने खेळतो, कोणी सावकाश. विस्कॉन्सिनचा संघ देशातील अत्यंत मंदगती संघांपैकी एक होता. म्हणून गुण मिनिटांवर न मोजता 'ताब्यां'वर मोजायचे. चेंडू हाती आला, की तो गुणात रूपांतरित होईपर्यंत अथवा प्रतिपक्षाच्या हाती जाईपर्यंतचा काळ तो एक ताबा. आणि शंभर ताब्यांमागे किती गुण केले व किती दिले, हे आक्रमणाचे आणि बचावाचे माप. त्यावर आणखी एक संस्कार करावा लागतो : दुबळ्या संघाविरुद्ध केलेल्या गुणांत घट धरायची आणि बलिष्ठ संघाविरुद्ध केलेल्यांत वाढ, जेणेकरून प्रत्येक संघाचा आकडा 'सर्वसाधारण प्रतिस्पर्ध्याविरुद्ध' असा सारख्या पायावर यावा. महाविद्यालयीन खेळाच्या बाबतीत ही खतावणी ज्याने सर्वत्र रूढ केली तो केन पॉमरॉय व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ होता, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. पावसाचा अंदाज वर्तवून लोकांची थट्टा सोसण्याची ज्याला सवय आहे, त्यालाच हे काम मानवायचे.

या परिमाणाने पाहता विस्कॉन्सिनचे आक्रमण देशात पहिले होते आणि केंटकीचा बचाव पहिला. अशा दोघांची गाठ पडली असता काय होईल, याचे गणित समजुतीसाठी गोल आकडे घेऊन करू. देशाची सरासरी शंभर ताब्यांमागे शंभर गुण अशी धरा. विस्कॉन्सिन सर्वसाधारण संघाविरुद्ध शंभर ताब्यांत १२० गुण करतो, आणि केंटकी सर्वसाधारण संघाला ८५ च करू देतो. तर दोहोंच्या गुणाकारातून विस्कॉन्सिनच्या वाट्याला १०२ येतात. उलट बाजूने केंटकीचे आक्रमण ११८ आणि विस्कॉन्सिनचा बचाव ९५ धरला, तर केंटकीच्या वाट्याला ११२. शंभर ताब्यांमागे दहा गुणांचा फरक. पण विस्कॉन्सिनच्या संथ चालीमुळे प्रत्यक्षात प्रत्येकी साठच ताबे खेळले जातील असे धरल्यास फरक सहावर येतो, आणि अंदाजपत्रकाच्या तळाशी लिहायचे ते असे : केंटकी ६७, विस्कॉन्सिन ६१.

येथे थांबणारा मनुष्य ज्योतिषी होय. हिशेबनीस आणखी एक ओळ लिहितो. अशा अदमासात आणि प्रत्यक्ष निकालात किती अंतर पडते, हे हजारो जुने सामने तपासून काढता येते, आणि महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये त्या अंतराचे प्रमाण-विचलन अकरा गुणांच्या आसपास भरते. म्हणजे आपल्या सहा गुणांच्या शिलकीभोवती दोन्ही अंगांना अकरा-अकरा गुणांचे धुके आहे. त्या धुक्यातून सहा गुणांचा कौल पाहिला तर केंटकीच्या विजयाची शक्यता शंभरात सत्तर निघते. आणि सोमवारचा अंतिम सामनाही तितक्याच शक्यतेचा मानला, तर दोन्ही जिंकण्याची शक्यता सत्तर गुणिले सत्तर, म्हणजे शंभरात एकोणपन्नास! ज्या संघाला अवघा देश आधीच अजिंक्य म्हणून मोकळा झाला होता, त्याचे अजिंक्यपद हुकण्याचा संभव ते मिळण्यापेक्षा, केसभर का होईना, अधिक होता.

शेकड्यांच्या मागे खेळ दिसेनासा होऊ नये, म्हणून तपशीलही पाहिला पाहिजे. डीन ऑलिव्हर यांनी २००४ सालच्या आपल्या ग्रंथात सामना ज्यांवर फिरतो असे चार घटक सांगितले, आणि त्यांचे वजनही ठरवले : फेकीतील अचूकपणा चाळीस टक्के, ताबा न गमावणे पंचवीस, स्वतःच्या चुकलेल्या फेकीवर चेंडू पुन्हा मिळवणे वीस, आणि फ्री थ्रो मिळवणे पंधरा. पहिल्या घटकात केंटकीची उंच माणसे बास्केटजवळ भिंतीसारखी उभी राहत. तेथून प्रतिपक्षाला सुखाने गुण मिळत नसत. पण दुसऱ्या घटकात विस्कॉन्सिनइतका जपून खेळणारा संघ देशात नव्हता, आणि त्यांचा सात फुटी फ्रँक कामिन्स्की बास्केटपासून लांब उभा राहून तीन गुणांची फेक करू शकत असल्यामुळे भिंतीतला एक दगड त्याच्यामागे बाहेर ओढला जाणार, हे उघड होते. हरण्याच्या तीस शक्यता होत्या, त्या अशा वाटेने येणार होत्या.

आणि त्या आल्या. मध्यंतराला ३६-३६ अशी बरोबरी होती. उत्तरार्धात केंटकीने ६०-५६ अशी आघाडी घेतली, आणि तिथून त्यांच्या आक्रमणाला जणू टाळे लागले. त्या काळी एका ताब्यासाठी पस्तीस सेकंद मिळत असत, ते पस्तीस सेकंद लागोपाठ तीन वेळा उलटून गेले तरी त्यांची फेक झाली नाही. (पुढच्याच हंगामापासून ही मुदत तीस सेकंदांवर आणण्यात आली.) याच सुमारास विस्कॉन्सिनच्या एका खेळाडूने बास्केटखालून चेंडू आत ढकलून ६०-६० अशी बरोबरी साधली. छायाचित्रणात पाहिले असता त्याच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वी शॉट क्लॉकवर शून्य आलेले दिसते. पण शिट्टी वाजली नाही, आणि तक्त्यावर दोन गुण चढले. मग शेवटची पावणेदोन मिनिटे राहिली असता सॅम डेकरने एक पाऊल मागे सरकून तीन गुणांची फेक केली. निकाल : विस्कॉन्सिन ७१, केंटकी ६४. कामिन्स्कीच्या नावावर वीस गुण आणि अकरा रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू. आणि ज्या केंटकीच्या उंचीचा एवढा डंका होता, तिला रिबाउंडमध्ये विस्कॉन्सिनने ३४-२२ असे मागे टाकले.

आता अंदाजपत्रकाशी जमाखर्चाची रुजुवात घालू. केंटकीचे गुण ६७ धरले होते, झाले ६४. येथे चूक तिनाची. विस्कॉन्सिनचे ६१ धरले होते, झाले ७१. तफावतीचा मोठा भाग या दहा गुणांत आहे. एकूण फरकात आपण सहा अधिक सात, म्हणजे तेरा गुणांनी चुकलो. हा आकडा मोठा की लहान? अकरा गुणांच्या विचलनाने मोजले तर तेरा किंवा त्याहून मोठी चूक, या बाजूला नाही तर त्या बाजूला, साधारण चार सामन्यांत एकदा व्हायची. देशाने ज्याला भूकंप मानले, ती हिशेबाच्या लेखी पंधरवड्यात एकदा तरी दिसणारी गोष्ट होती. आणि एकट्या या सामन्यावरून सत्तर हा आकडा खरा की खोटा हे ठरत नाही. ज्या ज्या सामन्यांपुढे आपण सत्तर लिहिले ते सारे एकत्र काढून त्यांत शंभरी सत्तर विजय भरतात का, हे पाहावे लागते. नव्वद भरले, तरी आपण चुकलोच म्हणायचे.

दुसऱ्या लढतीसाठी फार शाई लागत नाही. ड्यूकने मिशिगन स्टेटला त्याच शहरात नोव्हेंबरात ८१-७१ असे हरवले होते. एप्रिलमध्ये मिशिगन स्टेटने प्रारंभी १४-६ अशी आघाडी घेऊन क्षणभर आशा दाखवली, आणि अखेर ८१-६१ असा निकाल लागला. येथे आवडत्या संघाचीच सरशी झाली, म्हणून कोणी गणिताला दोष दिला नाही. परंतु अंदाजापेक्षा निकाल येथेही बराच लांब जाऊन पडला होता. चूक आपल्या बाजूने झाली की तिला चूक म्हणण्याची आपल्याकडे वहिवाट नाही, आणि हिशेब बिघडतात ते याच वहिवाटीने.

राहता राहिले ते दोन गुण, शून्य झालेल्या घड्याळावरचे. मी त्या सामन्याचा अधिकृत तक्ता पुन्हा काढून पाहिला. त्यात ते इतर दोन गुणांसारखेच नोंदलेले आहेत; शेजारी शेरा नाही, खूण नाही. माझ्या साऱ्या सरासऱ्या असल्याच नोंदींवर उभ्या आहेत, आणि त्यांतल्या किती नोंदींखाली असे न वाजलेल्या शिट्टीचे प्रसंग दडले असतील हे मला तक्त्यावरून कळणार नाही. अकरा गुणांचे धुके म्हणतो त्यात हेही धरलेले असते.

आमच्या शिरस्तेदारांस आता एवढेच विचारावयाचे आहे. आपण तीस-पस्तीस वर्षे न्यायालयात प्रकरणे मांडलीत; कोणता कागद भक्कम, कोणता लंगडा, हे आपल्याइतके कोणाला कळले नसेल, आणि निकाल कोणीकडे झुकेल याचा अदमासही आपणांस आदल्या संध्याकाळी आलेला असेल. तरी खुर्चीवर बसून निकाल वाचणारा दुसराच कोणी होता, आणि म्हणून आपण दप्तर नीट लावण्याचे सोडले नाही. आमचीही नोकरी त्याच दर्जाची आहे.

पुढील लेखांकात सोमवारचा अंतिम सामना घेऊ. ड्यूकने तो ६८-६३ असा जिंकला. वाचकांनी तोवर दोन्ही संघांची नावे लिहून, प्रत्येकापुढे आपापला शेकडा मांडून ठेवावा. निकाल ठाऊक असताना प्रामाणिक शेकडा लिहिणे किती कठीण आहे, तेथूनच आरंभ करायचा आहे.