चौसष्टच उगवले! मग बियाणे वाईट का?

मृग जवळ आला की तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याला प्रश्न पडतो, आणलेले सोयाबीन उगवेल ना? प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के हवी, असे मानक आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली होती.

पेरणीआधी घरी चाचणी करता येते. पिशवीच्या वरच्या, मधल्या, खालच्या भागांतून न निवडता १०० दाणे घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा आणि आठवड्याने निकोप कोंब मोजा. समजा, ६४ आले. बियाणे मानकापेक्षा कमी ठरले का?

थोडे थांबू. पिशवीत खरोखर ७० टक्के चांगले दाणे असले, तरी प्रत्येक शंभरात नेमके ७० येणार नाहीत. ‘प्रमाण ७० टक्के आहे’ ही आपली शून्य परिकल्पना. ती खरी असेल तर प्रमाण विचलन १००×०.७×०.३ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.६ दाणे. ६४ किंवा त्याहून कमी कोंब निव्वळ योगायोगाने दहा वेळांत सुमारे एकदा येतील. ६२ किंवा कमी आले, तर मात्र ही शक्यता सुमारे ५ टक्क्यांवर उतरते. ही प्रचलित मर्यादा मानली, तर ६४ वरून परिकल्पना नाकारता येत नाही.

पण नाकारता आली नाही म्हणजे सिद्ध झाली असे नव्हे! खरी उगवण ६४ टक्केच असेल, तर शंभर दाण्यांची ही चाचणी दहापैकी सुमारे सहा वेळा ते पकडू शकणार नाही. दोन चुका संभवतात : चांगल्या बियाण्याला दोष देणे आणि वाईट बियाणे पदरात घेणे. पहिलीचा फटका विक्रेत्याला, दुसरीचा शेतकऱ्याला.

उपाय एकच, नमुना मोठा घ्या. ४०० पैकी २५६ उगवले, तर टक्केवारी तीच ६४. पण विचलन दुप्पटच होऊन ९.२ झाले आणि तूट चौपट, २४ दाण्यांची! असे योगायोगाने सुमारे दोनशेत एकदाच घडेल. आता शंका घेण्यास सबळ आधार आहे. बीजपरीक्षणात ४०० दाणे तपासतात, त्यामागचे गणित हेच.

वर्गात चार गटांना शंभर-शंभर दाणे द्या. चौघांचे आकडे वेगळे आले, की चाचणीची गरज फळ्यावर न लिहिताही कळेल.