क्ष-किरणांच्या खोलीतला कवी

दसऱ्याचे सोने लुटून झाले होते, श्रीखंड-पुरीचे जेवण अंगावर आले होते, आणि मी विडा तोंडात टाकून जरा आडवा होणार, एवढ्यात आमच्या कन्येने घरात बाँबगोळा टाकला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी ही मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, मला डॉक्टर व्हायचं नाही. मला गाणी करायची आहेत. स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची आणि स्वतःच गायची."

घरात क्षणभर भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणी बोलेना. मग सौभाग्यवतींनी माझ्याकडे वळून तोफ डागली. "ऐकलंत ना? रोज सकाळी घरात कविता म्हणत फिरायचं, त्याचं हे फळ!" वाचकहो, गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. कवितेचा आरोप माझ्यावर यायचाच. पण इतक्या थेट येईल असे वाटले नव्हते.

अशा प्रसंगी मध्यस्थ हवा असतो. तो आमच्या भाच्याच्या रूपाने कोचावरच बसला होता. हा मुलगा तैवानात शिंचू नावाच्या गावी एका कारखान्यात इंजिनिअर आहे. चार वर्षांत तिकडची भाषा बऱ्यापैकी बोलू लागला आहे. तो म्हणाला, "मामा, एवढं मनावर घेऊ नका. तैवानात एक डॉक्टर असाच बिघडला होता. आज तिथल्या तीन पिढ्यांना त्याची गाणी पाठ आहेत."

कन्येचे डोळे चमकले आणि सौभाग्यवतींचेही, पण निराळ्या कारणाने. मी मात्र प्राध्यापकी पवित्रा घेतला. "आधी अभ्यास, मग मत!" असे म्हणून मी या बिघडलेल्या डॉक्टराची माहिती गोळा करू लागलो. खरे सांगायचे तर त्यात माझा हेतू फारसा शुद्ध नव्हता. मुलीला गप्प करायला काही सापडते का, हेच मी बघत होतो.

या गृहस्थांचे नाव लो ता-यू. जन्म 20 जुलै 1954, गाव तैपेई. घराणे हक्का जमातीचे. वडील डॉक्टर, आई परिचारिका. म्हणजे घरात औषधांचा वास पाळण्यापासूनचा. मुलाने तायचुंग शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले, यात कुणालाच नवल वाटले नसेल. नवल पुढे घडले. हा विद्यार्थी वाद्यवृंदात वाजवू लागला, कवितांना चाली लावू लागला. 1974 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने श्यू चिमो या कवीचे शब्द संगीतात बांधले. मूळ कविता इंग्लंडच्या क्रिस्टिना रोझेट्टीची आणि श्यू चिमोने तिचे चिनीत रूपांतर केलेले. आपल्याकडच्या वाचकांना श्यू चिमो अगदीच परका नाही. 1924 साली रवींद्रनाथ ठाकूर चीनला गेले, तेव्हा दुभाषा म्हणून त्यांच्याबरोबर हिंडणारा तरुण कवी तो हाच.

तो काळही मोठा चमत्कारिक होता. 1949 मध्ये चिनी मुख्य भूमीवरचे राज्य गमावून राष्ट्रवादी पक्षाचे सरकार तैवान बेटावर आले. तेव्हा बेटावर लागू झालेला लष्करी कायदा उठला तो थेट 1987 साली. 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातली खुर्ची गेली. 1979 च्या नववर्षदिनी अमेरिकेने तैपेईशी राजनैतिक संबंध तोडून पेकिंगशी जोडले. 'आपण नेमके कोण?' हा प्रश्न महाविद्यालयांतल्या मुलांना छळू लागला. 1976 साली तामकांग महाविद्यालयातल्या एका मैफलीत ली श्वांगत्से नावाचा तरुण हातात कोका-कोलाची बाटली घेऊन रंगमंचावर चढला आणि आपण सारखी इंग्रजीच गाणी का गातो, आपली गाणी कुठे आहेत, असे त्याने भर सभेत विचारले. त्याच सुमारास विद्यार्थी गिटारीवर आपली साधी, निर्मळ गाणी गाऊ लागले होते. कॅम्पसमधली लोकगीते म्हणून ती प्रसिद्ध आहेत. पुष्कळशी गोड होती, पण काही थोडी साखरेत घोळलेलीही होती.

त्या गोडव्यात लो ता-यूने मिरी घातली.

1982 साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. काळे कपडे, काळा चष्मा, विस्कटलेले केस. ध्वनिमुद्रिकेचे नाव ऐकून मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. नाव होते 'चि, हू, चे, ये'. भाचा म्हणाला, "मामा, याला तसा अर्थ नाही. जुन्या ग्रांथिक चिनीत वाक्याला जोडायचे हे चार शब्द. पुस्तकी पंडिताची टर उडवायची असली की लोक हे म्हणतात."

अरे! हे तर आपले 'च, वै, तु, हि'! श्लोकात एखादे अक्षर कमी पडले की संस्कृत कवी जे पादपूरक घालून मोकळे होतात, ते! विचार करा, एखाद्या तरुण डॉक्टरने मराठीत गाणी करावीत आणि पहिल्याच संग्रहाला 'च, वै, तु, हि' असे नाव द्यावे! परंपरेच्या नावाने नुसती अक्षरे घोळणाऱ्यांना ती चपराक होती. आणि मजा अशी, की ती मारणारा परंपरेला पारखा नव्हता. त्याच ध्वनिमुद्रिकेत यू ग्वांगचुंग आणि चंग छौ-यू या नामवंत कवींच्या कवितांना त्याने चाली दिल्या आहेत. एका गाण्याचे शीर्षक तर थेट ली पो या हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या महाकवीकडून घेतलेले.

या संग्रहातले सर्वांत गाजलेले गाणे लूकांग या जुन्या बंदराच्या गावावर आहे. गावचा एक मुलगा राजधानीत येतो, दिव्यांच्या झगमगाटात हरवतो आणि समुद्रदेवी मात्सूच्या देवळामागचे आपले घर, आपले आईबाप आठवत राहतो. पुण्या-मुंबईच्या चाळीत राहून कोकणातल्या घराची कौले आठवणाऱ्या कुणालाही ते गाणे भाषांतराशिवाय कळावे. गंमत म्हणजे लो स्वतः राजधानीचाच. दुसऱ्याचे दुःख इतके आपले करून गाणे, याला आम्ही वर्गात परकायाप्रवेश म्हणतो आणि त्यावर पाच गुणांचा प्रश्न घालतो!

दुसरे गाणे बालपणाचे. वर्गात कंटाळलेला, सुट्टीची वाट पाहणारा, केव्हा एकदा मोठे होतो असे झालेला पोरगा त्यात आहे. ते आधी सिल्व्हिया चांग या अभिनेत्रीने 1981 मध्ये गायिले होते आणि तिच्या त्या ध्वनिमुद्रिकेचा निर्माता लोच होता. भाचा सांगतो, आजही तिथे शाळकरी मुले ते म्हणतात.

आणि आता आमच्या घरातल्या खटल्याला लागणारा मुद्दा. हे सारे चालू असताना हा माणूस डॉक्टर होता! तैपेईच्या एका रुग्णालयात क्ष-किरण विभागात तो काम करीत होता. दिवसा लोकांच्या छातीची छायाचित्रे पाहायची आणि रात्री त्याच छातीतले जे छायाचित्रात दिसत नाही, ते लिहायचे. 1983 साली दुसरी ध्वनिमुद्रिका आली, 1984 साली तिसरी. तिचे नाव फक्त 'घर'.

दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतल्या एका गाण्यापाशी मी बराच वेळ थांबलो. 'आशियाचा पोरका' हे त्याचे नाव. हे नाव मूळ एका कादंबरीचे. जपानी अमलाखाली, महायुद्धाच्या धामधुमीत, वू चोल्यू नावाच्या हक्का लेखकाने ती जपानी भाषेत लपूनछपून लिहिली. तिचा नायक तैवानी. जपान्यांना तो आपला वाटत नाही आणि चीनमध्ये गेला तर तिथेही संशयाचा धनी. लोने ते नाव उचलले आणि आपल्या बेटाचे एकटेपण त्यात ओतले. पण गाण्यांच्या शब्दांवर सरकारी तपासनिसांची नजर होती. तेव्हा त्याने एक उपशीर्षक जोडून हे गाणे इंडोचीनमधल्या निर्वासितांना अर्पण केले. कम्युनिस्टांपासून पळणाऱ्यांचे दुःख म्हटल्यावर सरकार कशाला हरकत घेईल? ऐकणाऱ्यांना काय समजायचे ते समजले. आपल्याकडे 'कीचकवधा'च्या प्रेक्षकांना कीचक कोण हे कुणी समजावून सांगावे लागले नव्हते, तसेच हे!

कीर्तीबरोबर ओझेही आले. एका बाजूने रुग्णालय, दुसऱ्या बाजूने टाळ्या आणि तिसऱ्या बाजूने टीका, या कात्रीत सापडून 1985 साली हा माणूस न्यूयॉर्कला निघून गेला. त्याच वर्षी तैवानात साठ-एक गायकांनी मिळून त्याची एक चाल गायिली. उद्याचा दिवस अधिक चांगला असेल, असा तिचा आशय. तिचे शब्द मात्र पुष्कळ हातांनी बदलून अधिक उजळ केलेले होते. लोला उजेडाचे वावडे नव्हते. पण अंधार पाहिल्याशिवाय उजेडाची ग्वाही देणे त्याच्या स्वभावात नव्हते.

न्यूयॉर्कला त्याने अखेरचा निर्णय घेतला. स्टेथॉस्कोप खाली ठेवला तो कायमचाच. वय तिशी ओलांडलेले, हाती पदवी, पाठीशी तीन ध्वनिमुद्रिका.

1987 मध्ये तो हाँगकाँगला आला. या शहराला वेगळीच हुरहूर होती. 1997 साली इंग्रज जाणार आणि चीन येणार, हे ठरलेले. 1991 च्या त्याच्या एका गाण्यात तिथला एक रस्ता आहे, राणीच्या नावाचा. नाण्यावरची राणी निघून गेल्यावर त्या रस्त्याचे काय, असा प्रश्न ते गाणे हसत हसत विचारते. शब्द लिन शी यांचे, कँटोनी बोलीतले. त्याच शहरावर त्याने 'पूर्वेचा मोती' हे हळवे गाणेही केले. एकाच गावावर एक डोळा मिचकावणारे आणि एक डोळे पुसणारे अशी दोन गाणी करणे सोपे नव्हे. चित्रपटांसाठीही त्याने लिहिले. 1990 सालच्या 'लाल धूळ' या चित्रपटाची कथा सान माओ या लेखिकेची आणि शीर्षकगीत लोचे.

प्रीतिगीतांचे तर त्याने पंचांगच मांडले. 'प्रीतिगीत 1980' पहिल्या ध्वनिमुद्रिकेत, 'प्रीतिगीत 1990' एका चित्रपटात आणि 'प्रीतिगीत 2000' चक्क 1994 मध्ये! प्रेमाच्या बाबतीत कवी काळाच्या थोडा पुढे असायचाच.

ज्या मुख्य भूमीशी त्याच्या सरकारचा उभा दावा, तिथेही त्याच्या ध्वनिफिती हातोहात पोचल्या होत्या. 2000 साली शांघायच्या प्रचंड क्रीडागारात तो पहिल्यांदा गायला, तेव्हा हजारो माणसे त्याच्याबरोबर गात होती. 2017 मध्ये, पहिल्या 'घर'नंतर तेहतीस वर्षांनी, त्याने 'घर 3' काढले. काळा चष्मेवाला संतप्त तरुण आता उशिरा बाप झालेला प्रौढ होता. 2021 साली तैवानच्या सुवर्णगीत पुरस्कार समारंभात त्याच्या आयुष्यभराच्या कामगिरीचा गौरव झाला.

एवढी माहिती जमवून मी विजयी मुद्रेने कन्येला हाक मारली. म्हटले, "पाहिलंस? आधी पदवी घेतली, नोकरी केली, तीन ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि मग व्यवसाय सोडला!"

"पाहिलं ना," ती म्हणाली. "म्हणजे शेवटी सोडलाच!"

आमची कुंडली अशी, की एकाच पुराव्यावर दोन्ही पक्षकार जिंकतात. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आणि त्याच्या आईला काय वाटलं, ते नाही कुठे लिहिलेलं?" खरेच, ते मी शोधलेच नव्हते. घरातली परिचारिका आई, मुलाच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करणारी, मला एकदम दिसली. आणि तो कोट खुंटीवर तसाच राहिल्यावर तिने काय केले असेल, हे चरित्रांत सापडत नाही.

त्या रात्री फार बोलणे झाले. कुणी जिंकले नाही. कन्येने परीक्षेला बसायचे कबूल केले. आम्ही तिच्या खोलीतली गिटार माळ्यावर न टाकण्याचे कबूल केले. पुढचे पुढे. तिची आई अजून धास्तावलेली आहे आणि खरे म्हणजे मीही. क्ष-किरणात पोरीचे भविष्य दिसत नाही.

पण परवा एक प्रकार घडला. ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाबा, एक चाल सुचलीय. शब्द तुम्ही देता?" वीस वर्षे दुसऱ्यांच्या कवितांवर बोललेला मी, मला घाम फुटला. दोन रात्री जागून आठ ओळी लिहिल्या. तिने त्या गुणगुणून पाहिल्या, पेन्सिल घेतली आणि शांतपणे चार ओळींवर काट मारली.

"अगं, का?"

"बाबा," ती म्हणाली, "या चार ओळी नुसत्या च, वै, तु, हि झाल्यात."

उरलेल्या चार ओळी ती अजून गाते आहे.