तेवीस मिनिटांचा हिशेब

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या दारात कधी ना कधी एक पत्र येऊन पडते. आत आपल्या गाडीचे छायाचित्र असते, नंबर प्लेट स्पष्ट दिसते, आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ सेकंदासह छापलेली असते. खाली रक्कम असते, बहुधा 100 पौंड. आणि 14 दिवसांत भरल्यास 60 पौंडांवर भागेल, असे आश्वासन. पत्राची भाषा अशी असते की वाचणाऱ्याला आपल्या हातून गुन्हाच घडला आहे असे वाटावे.

आमच्याकडे असे पत्र आले तेव्हा माझ्या यजमानांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स जडून सहा वर्षे झाली होती. आजाराची माहिती वाहन परवाना खात्याला रीतसर कळवून, मुदतबंद परवान्यावर ते स्वतः गाडी चालवीत. त्या दिवशी आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो होतो. पार्किंगची मर्यादा दोन तासांची. परत निघताना दाराच्या उंबरठ्याशीच त्यांचे पाय जमिनीला खिळले. या आजाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे ठाऊक असेल: गोळीचा अंमल ओसरला की शरीर ऐकत नाही, आणि दार किंवा अरुंद वाट समोर आली की पावलेच उचलत नाहीत. आम्ही दुकानातल्या उपाहारगृहात बसलो, पुढची गोळी घेतली, तिचा गुण येईपर्यंत थांबलो. त्या अवस्थेत त्यांनी गाडी चालविणे धोक्याचे होते. मर्यादेपेक्षा 23 मिनिटे जास्त झाली.

पत्र वाचून ते म्हणाले, ‘‘भरून टाक. आणि यापुढे मी बाहेर येत नाही.’’ पहिल्या वाक्याने मला विशेष वाटले नाही. दुसऱ्याने मात्र पोटात गोळा आला. आजारी माणसाने घराबाहेर पडावे म्हणून आपण केवढी खटपट करतो; त्या सगळ्यावर 60 पौंडांचा एक कागद पाणी फिरवतो. म्हणूनच हा लेख.

सर्वप्रथम पत्र कोणाचे आहे ते पाहावे. नगरपालिका किंवा पोलीस देतात तो कायदेशीर दंड. खासगी जागेतील पार्किंग कंपनी पाठवते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’, म्हणजे कराराचा भंग झाला असे सांगून केलेली पैशांची मागणी. दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरे पीसीएन हीच आहेत, त्यामुळे भलेभले फसतात. नगरपालिकेच्या दंडाविरुद्ध दाद मागण्याची व्यवस्था पूर्णपणे निराळी आहे. येथे विचार केवळ खासगी नोटिशीचा आहे, आणि पुढील बहुतेक तपशील इंग्लंड व वेल्समधील आहेत. कंपनीला आपला पत्ता मिळतो तो वाहन नोंदणी खात्याकडून, दर नोंदीमागे अडीच पौंड मोजून. सरकारी खात्यातून पत्ता मिळाला म्हणून मागणी सरकारी होत नाही. कंपनी न्यायालयात जाऊन हुकूम मिळवीपर्यंत कोणीही जप्तीला दारात येऊ शकत नाही. खासगी जागेत चाकाला कुलूप घालण्याची प्रथाही इंग्लंड-वेल्समध्ये 2012 सालापासून बंद आहे.

मात्र पत्र फाडून टाकू नये. ‘अशी पत्रे केराच्या टोपलीत टाकायची असतात’ हा सल्ला आपल्या मंडळींत अजून हिरिरीने दिला जातो. तो जुना झाला. 2012 च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायद्याने, ठरावीक अटी पाळल्यास, चालक कोण होता हे माहीत नसले तरी गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून वसुली करण्याची मुभा कंपनीला मिळाली. त्यातील एक अट मुदतीची आहे. काचेवर काही न लावता केवळ कॅमेऱ्याच्या आधारे पत्र पाठविले असेल, तर ते घटनेनंतर 14 दिवसांच्या आत पोहोचले पाहिजे. तेव्हा पाकीट आले की त्यावर आल्याची तारीख लिहून ठेवावी. चालकाचे नाव सांगण्याचे बंधन धारकावर नाही, आणि पत्र उशिरा आले असेल तर हा मुद्दा मोलाचा ठरतो; अशा वेळी ‘मी गाडी लावली’ असे सहज लिहून जाऊ नये. आमचे पत्र नवव्या दिवशी आले होते, शिवाय आमचा सारा मुद्दा चालकाच्या प्रकृतीचाच होता. म्हणून आम्ही उघडपणे लिहिले.

रक्कम अवाजवी आहे एवढ्याच तक्रारीवर विसंबू नये, असेही मी सुचवीन. चेम्सफर्ड येथील दुकानांच्या संकुलात बेव्हिस नावाच्या गृहस्थांची गाडी दोन तासांच्या मर्यादेपेक्षा 56 मिनिटे अधिक राहिली. 85 पौंडांच्या त्या मागणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2015 साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पण त्या खटल्यात अपंगत्वाचा प्रश्न नव्हता. आपला मार्ग तेथूनच वेगळा होतो.

निळ्या बिल्ल्याविषयीही मोठा गैरसमज आहे. हा बिल्ला म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरील सवलत. खासगी जागेत तो आपोआप लागू होत नाही. तेथे जागेच्या मालकाचे नियम चालतात. काही ठिकाणी बिल्लाधारकाला अधिक वेळ मिळतो, पण त्यासाठी आतील खिडकीवर गाडीचा क्रमांक नोंदवावा लागतो. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत बिल्लाधारकांना मोफत पार्किंग देण्याचे धोरण आहे, तरी अशी नोंद अनेक ठिकाणी करावीच लागते. कॅमेऱ्याला काचेमागचा बिल्ला दिसत नाही, फक्त नंबर प्लेट दिसते.

मग आधार कशाचा? 2010 च्या समानता कायद्याचा. जनतेला सेवा देणाऱ्याने अपंग व्यक्तीची अडचण होऊ नये म्हणून आपल्या नियमांत वाजवी फेरबदल केले पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. धडधाकट माणसाला दोन तासांत जे जमते त्याला कंपवाताच्या, पक्षाघाताच्या किंवा तीव्र संधिवाताच्या माणसाला अडीच तास लागत असतील, तर जादा वेळ देणे हा असाच वाजवी फेरबदल ठरू शकतो. आणि कायद्याच्या संरक्षणासाठी निळा बिल्ला असलाच पाहिजे असे नाही. दैनंदिन व्यवहारांवर लक्षणीय परिणाम करणारा, बारा महिने टिकलेला किंवा टिकण्याचा संभव असलेला शारीरिक वा मानसिक विकार असला म्हणजे पुरे. स्मृतिभ्रंश त्यात येऊ शकतो, तसाच चार पावले चालताच धाप लावणारा हृदयविकारही. ‘वय झालं, चालायचंच’ असे म्हणून आपण ज्या गोष्टी अंगावर काढतो, त्यांतल्या कित्येक कायद्याच्या दृष्टीने अपंगत्वात मोडतात. हा शब्द स्वतःला लावून घेणे आपल्या पिढीला जड जाते. माझ्या यजमानांनाही गेले. पत्रात तो शब्द घालायचा की नाही यावर आमचा एक अख्खा दिवस गेला!

पत्र अर्थातच इंग्रजीत लिहायचे. परंतु मजकूर आधी मराठीत मनाशी जुळवावा, म्हणजे तो सरळ उतरतो. नोटिशीच्या तारखेपासून 28 दिवसांत कंपनीकडे दाद मागता येते. पहिल्या 14 दिवसांत लिहिल्यास सवलतीची रक्कम साधारणपणे राखून ठेवली जाते, म्हणून आठवडाभरात लिहिणे बरे. आम्ही चारच गोष्टी लिहिल्या. चालकाला पार्किन्सन्स आहे व तो समानता कायद्याच्या व्याख्येत बसतो; त्या दिवशी नेमके काय घडले; हे 23 मिनिटे थेट आजारामुळे लागली; आणि अधिक वेळ देणे हा वाजवी फेरबदल असल्याने मागणी रद्द करावी. सोबत निळ्या बिल्ल्याची प्रत, आमच्या डॉक्टरांचे दोन ओळींचे पत्र आणि दुकान व उपाहारगृह यांची बिले जोडली. उपाहारगृहाच्या बिलावर वेळ छापलेली होती. चहाचे ते बिल पुढे फार उपयोगी पडले. संपूर्ण वैद्यकीय कागदपत्रे मात्र पाठवू नयेत. कोणत्या गोळ्या, किती मात्रा, आणखी कोणते आजार, याच्याशी पार्किंग कंपनीला काही कर्तव्य नाही.

‘कृपया समजून घ्यावे’ अशी विनवणी करण्याकडे आपला ओढा असतो. तसे लिहू नये. सौजन्य असावे, पण मागणे हक्काचे असावे. यामागे व्यावहारिक कारणही आहे. कंपनीने नकार दिला तर पुढची पायरी स्वतंत्र अपील मंडळाची असते. कंपनी ज्या व्यावसायिक संघटनेची सदस्य असेल त्यानुसार ‘पॉप्ला’ किंवा ‘आयएएस’. कोणाकडे जायचे ते नकारपत्रातच दिलेले असते. पॉप्लाकडे 28 दिवसांत, नकारपत्रातील दहा अंकी क्रमांक देऊन, विनाशुल्क अपील करता येते. तेथील निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो. पण केवळ सहानुभूतीच्या कारणावरून अपील मान्य करण्याची सोय तेथे नाही. नोटिशीतील त्रुटी, न दिसणाऱ्या किंवा उंचावर लावलेल्या पाट्या, मर्यादा संपल्यावर द्यावयाची किमान 10 मिनिटांची सवड, असे मुद्दे तेथे चालतात. या टप्प्यावर 60 पौंडांची सवलत बहुधा हातची जाते, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

आम्हाला कंपनीकडून नकारच आला. छापील, गुळगुळीत पत्र; आजाराचा उल्लेखही नाही. तेव्हा शेजारच्या एका बाईंनी सुचविले की दुकानाच्या व्यवस्थापकाला भेटा. हा मार्ग आम्हाला सुचलाच नव्हता. जागा दुकानाची, गिऱ्हाईक दुकानाचे, आणि समानता कायद्याचे बंधन दुकानावरही आहे. चहाचे बिल व नकारपत्र घेऊन मी गेले. त्या तरुण व्यवस्थापिकेने बिल पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि मी उभी असतानाच कंपनीला ईमेल पाठविला. आठवड्याने मागणी रद्द झाल्याचे पत्र आले. सर्वांच्या बाबतीत असे घडेलच असे नाही. पण अपिलाची मुदत सांभाळत हा प्रयत्न पहिल्याच दिवशी करावा. आम्ही तो महिनाभराने केला आणि तेवढ्या झोपा गमावल्या.

प्रकरण येथे मिटले नाही तर वसुली एजन्सीची, वाढीव रकमेची, लाल अक्षरांतील पत्रे येतात. त्यांनी रक्तदाब वाढू देऊ नये. दोन कागद मात्र कोणत्याही परिस्थितीत बाजूला ठेवायचे नाहीत. पहिला, दावा दाखल करण्यापूर्वीची सूचना. तिला उत्तर देण्यास 30 दिवस असतात. दुसरा, काउंटी कोर्टाचा दाव्याचा अर्ज. तो पोहोचल्यापासून 14 दिवसांत पोच दिली तर बचाव मांडण्यास एकूण 28 दिवस मिळतात. उत्तरच दिले नाही तर निकाल एकतर्फी विरुद्ध जातो, आणि महिन्याभरात रक्कम न भरल्यास त्याची नोंद सहा वर्षे राहते. मुले परगावी असतील, आपण भारतात तीन-चार महिने जाणार असाल, तर टपाल उघडून पाहणारे कोणीतरी नेमून ठेवावे. अडचण वाटल्यास ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ या संस्थेत मोफत मार्गदर्शन मिळते.

आता आमच्या गाडीच्या खणात एक जाड लखोटा असतो. त्यात बिल्ल्याची प्रत, डॉक्टरांचे पत्र आणि त्या त्या दिवसाची बिले. दुकानात शिरताना पाटीचे छायाचित्र मी मोबाइलवर घेते. यजमान प्रथम हसत. गेल्या गुरुवारी पाटीसमोर स्वतःच थांबले आणि म्हणाले, ‘‘आधी तुझा फोटो काढून घे, मग आत जाऊ.’’