आम्लाने धुताना लोखंडाचे रक्षण

मुखेड तालुक्यातील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. अशा पाण्यातील चुन्याचे क्षार पंपाच्या बिडाच्या कवचात, लोखंडी व्हॉल्व्हमध्ये व ठिबकच्या नळ्यांत साचून पाण्याची वाट अरुंद करतात. हा थर काढण्यास हायड्रोक्लोरिक आम्ल उपयोगी पडते. परंतु ते चुन्याबरोबर लोखंडही खाते.

ही झीज रोखण्यासाठी आम्लात अल्प प्रमाणात क्षरणरोधक द्रव्य घालतात. हेक्झामिन व थायोयुरिया ही अशीच द्रव्ये होत. त्यांचे कण लोखंडाच्या उघड्या पृष्ठभागास चिकटून अतिशय पातळ आवरण तयार करतात व आम्लाचा जोर कमी करतात. चुन्याचा थर सतत विरघळत असल्याने त्यावर असे आवरण टिकत नाही. म्हणून थर निघतो व लोखंड पुष्कळसे वाचते.

सुटे केलेले भाग आम्लात बुडविताच बुडबुडे येतात. हा चुन्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड होय. चुना संपला की फेस मंदावतो. तेव्हा भाग ताबडतोब बाहेर काढावा. थर निघून गेल्यावरही फेस जोराने येत राहिल्यास आम्ल लोखंडास लागले, असे समजावे. त्या वेळी निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो. म्हणून काम उघड्यावर करावे व जवळ विडी किंवा दिवा नसावा. नंतर भाग भरपूर पाण्याने व धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल लावावे.

क्षरणरोधकाने झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. आम्ल तापविल्यास ती झपाट्याने वाढते. नळावरील जस्ताचा मुलामा तर आम्लात लवकर विरघळतो. घरी मिश्रण करण्यापेक्षा क्षरणरोधकयुक्त तयार आम्ल घेऊन वेष्टनावरील सूचनांप्रमाणे वापरावे.

ठिबकच्या प्लॅस्टिक नळ्यांना क्षरणरोधकाची गरज नसते आणि ही द्रव्ये पिकाच्या मुळाशी जाऊ देणे योग्य नव्हे. तेथे साधे, सौम्य आम्ल लोखंडी फिल्टरच्या पुढील बाजूस सोडावे व ठरलेल्या वेळेनंतर नळ्या पाण्याने धुवाव्यात.

आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. उरलेले द्रावण चुन्याने निष्प्रभ करावे व विहिरीपासून दूर टाकावे. या गोष्टी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांस आवर्जून समजावून द्याव्यात.