लोणार : उल्का की लवणासुर?

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग : एक घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात; उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. दुसरा घाटावर; लोणार तिथे.

विवर : काळ्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने पडलेला खड्डा. व्यास सुमारे 1.8 किमी. वय वादग्रस्त : एका मापनात 52 हजार वर्षे, दुसऱ्यात 5 लाख 70 हजार!

दंतकथा : भूमिगत गुहेत लवणासुर दडला होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने गुहेचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. राहिलेला खड्डा म्हणजे सरोवर. गावातले दैत्यसूदन मंदिर याच विष्णूचे.

पाणी : खारे आणि अल्कधर्मी, सामू 10च्या आसपास. काठाच्या धारेचे पाणी मात्र गोडे. ‘सासू-सुनेच्या विहिरी’त एका बाजूला गोडे, दुसऱ्या बाजूला खारे पाणी लागते, असे सांगतात. सासू कोणती, हे सांगणाऱ्यावर अवलंबून.

क्षार : ‘ऐन-इ-अकबरी’त उल्लेख. साबण आणि काचेसाठी वापर.

नोंदी : 1823 : ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर यांची नोंद. जून 2020 : पाणी गुलाबी; कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव. त्याच वर्षी रामसर स्थळाचा दर्जा.