पसंतीची पावती

कथा संपली तरी तिच्यातील पात्रे मनातून जात नाहीत, हा अनुभव कोणाला नाही? ती पुढे कोठे गेली, काय बोलली, हे मग एखादा हौशी वाचक स्वतःच लिहू लागतो. याला फॅन फिक्शन म्हणतात. आपल्याकडे महाभारतातील पात्रांना अशी नवी वाचा वारंवार लाभली आहे. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) आणि शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ (१९६७) ही परिचित उदाहरणे. मात्र व्यासांच्या पात्रांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. आजच्या कादंबऱ्या व चित्रपट यांतील पात्रांवर तो असतो. म्हणून त्यांच्यावर लिहिणारा हौशी लेखक आपल्या कथा सहसा विकत नाही. मानधन नाही, पुष्कळदा खरे नावही नाही. त्याच्या पदरी पडतो तो केवळ वाचकाचा शब्द.

अमेरिकेत १९६७ साली ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकॅनालिया’ नावाचा चक्रमुद्रित अंक काढला. अशा अंकांत लिहिणाराला बहुधा अंकाची एक प्रत मिळे, आणि वाचकांची पत्रे. पुढे ही वस्ती संगणकावर गेली. स्वयंसेवकांनी चालविलेले ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथाभांडार २००९ मध्ये खुले झाले व २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तेथे एका कथेला एका वाचकाने एकदाच द्यावयाची ‘कुडोस’ नावाची खूण आहे. आम्हां कचेरीतील माणसांना कागदावर ‘पाहिले’ असा शेरा मारून सही करण्याची सवय असते. ही खूण त्याच जातीची. काहीच नसण्यापेक्षा बरी, इतकेच.

लेखकाला हवे असते ते याहून थोडे अधिक, आणि ते फार अवघड नाही. ‘फारच सुंदर’ हे कोणत्याही कथेला म्हणता येते. कोणते वाक्य वाचताना आपण थांबलो, कोणत्या पात्राविषयीचे आपले मत बदलले, हे सांगितले की आपले लिहिणे कोणीतरी खरोखर वाचले, अशी लेखकाची खात्री पटते. न विचारता व्याकरण दुरुस्त करू नये. भाषांतर करावयाचे तर आधी अनुमती मागावी. आणि ‘पुढचा भाग केव्हा?’ हा प्रश्न आपल्याला कौतुकाचा वाटला, तरी लेखकाच्या कानी तो तगाद्यासारखा पडतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. हॅरी पॉटरच्या कथांतील नेव्हिल या विसराळू मुलाच्या आजीवर कोणीतरी लिहिलेली एक दीर्घकथा मी काही वर्षांपूर्वी वाचीत होतो. नेव्हिलचे आईवडील छळामुळे भान हरपून रुग्णालयात आहेत, हे मूळ कथेतले. या लेखकाने दाखविले होते, की आजी आपल्या मुलाच्या रिकाम्या खोलीतील घड्याळाला रोज किल्ली देते. सहा भाग मी रात्री जेवणानंतर वाचले आणि एक अक्षरही कळविले नाही. लेखकाला आपल्यासारख्या प्रौढ गृहस्थाच्या अभिप्रायाची काय मातब्बरी, असे वाटले. खरे म्हणजे आळस होता. सातवा भाग आलाच नाही.

वर्षभराने त्या घड्याळाविषयी चार ओळी लिहिल्या. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. ते घड्याळ कोणाच्याच लक्षात आले नाही, असे समजून लेखकाने कथा सोडून दिली होती. सातवा भाग अजून आलेला नाही. मीही विचारलेले नाही.